सुविचाराचा फळा

छत्तीस वर्षे मी मुंबईच्या एका उपनगरातल्या अनुदानित शाळेत शिपाई होतो. सकाळी साडेसहाला फाटक उघडायचे, वर्ग झाडायचे, पिंपात पाणी भरायचे, सातला घंटा द्यायची, मस्टर हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवायचे, ही माझी कामे. त्यांच्या जोडीला आणखी एक काम होते. माझे अक्षर बरे होते, म्हणून जिन्याजवळच्या फळ्यावर रोजचा सुविचार मी लिहीत असे.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही मराठवाड्यातून मुंबईला आलो. वडील नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम करीत. मी दहावीत गणितात अडकलो तो अडकलोच. १९८४ साली ही नोकरी लागली तेव्हा आईने वस्तीत साखर वाटली. शाळेत नोकरी म्हणजे तिला फार मोठी गोष्ट वाटली. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले आणि आपला मुलगा शाळेतच गेला, असे ती सगळ्यांना सांगे. मी तिथे झाडू मारतो, हे ती सांगत नसे.

मुलांवर संस्कार कसे होतात, शाळा नागरिक कसा घडवते, यावर मी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. बहुतेक भाषणे मी चहाचा ट्रे हातात धरून ऐकली. भाषणे चांगली असत. पण वाचकहो, शाळा खरोखर काय शिकवते हे भाषण संपल्यावर, पाहुणे गेल्यावर दिसते. ते मला जसे दिसले तसे सांगतो.

एके दिवशी मी फळ्यावर लिहिले होते, 'श्रमाला प्रतिष्ठा द्या'. त्या वेळी शाळेत मूल्यशिक्षणाचा तास नुकताच सुरू झाला होता. राष्ट्रभक्ती, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा अशी मूल्ये ठरलेली होती आणि ती मुलांकडून पाठ करून घेत. त्याच फळ्यासमोर सातवीतल्या एका मुलाच्या हातून शाईची बाटली फुटली. त्याचा मित्र पुसायला वाकला, तर हा म्हणाला, "राहू दे, शिपाई पुसेल की." मुलगा वाईट नव्हता. रोज पाया पडणारा, प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभा राहणारा मुलगा होता. श्रमप्रतिष्ठा हा शब्द त्याला शुद्धलेखनासह येत होता. शाई कोणी पुसायची, हेही तो शाळेतच शिकला होता. ते मात्र कोणत्याही तासाला शिकवलेले नव्हते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल सांगतो. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

आमच्या शाळेत रोज सकाळी देवीच्या फोटोपुढे प्रार्थना होई. फोटो पुसणे, हार घालणे, समई लावणे माझ्याकडे. माझ्या घरी भिंतीवर बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा टांगलेल्या, आणि शाळेत मी समईत तेल घालतो आहे. नोकरीचे काम म्हणून करायचे, मनात काही आणायचे नाही, अशी माझी समजूत मी घालून घेतली होती.

माझा मुलगा त्याच शाळेत शिकत होता. १९९६ साली तो पाचवीत होता. विजयादशमीच्या कार्यक्रमात विहारात त्याने मोठ्यांबरोबर बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. लहान मूल जे म्हणते ते खरे धरते. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि प्रार्थनेच्या वेळी तो हात खाली सोडून, गप्प, सरळ उभा राहिला. त्याने गडबड केली नाही, कोणाला हसला नाही. एका सरांनी त्याला रांगेतून बाहेर काढले आणि पूर्ण शाळेसमोर उभे केले. "हा बेशिस्तपणा इथे चालणार नाही," असे म्हणाले. मी दहा पावलांवर घंटेजवळ उभा होतो.

मला ऑफिसात बोलावले. मी गेलो, आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणालो, "लेकरू आहे साहेब, चुकलं त्याचं." पोराला म्हणालो, "माफी माग." त्याने माझ्याकडे पाहिले आणि माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून तो हात जोडू लागला. सगळे खूश झाले. सर मला म्हणाले, "बघ, सुधारला की नाही?"

तो सुधारला नव्हता. त्याने शाळेतल्या गोष्टी मला सांगणे बंद केले होते. दहा वर्षांच्या मुलाला त्या दिवशी कळले की मनात एक ठेवून हातांनी दुसरे करायचे असते, आणि वडील घंटेजवळ उभे असले तरी ते आपल्या बाजूने बोलतीलच असे नाही. याला संस्कार म्हणायचे काय?

शाळेला शिस्त लागतेच. हजार मुले एका मैदानावर उभी करायची तर शिस्त हवी. भ्यायलेले मूल गप्प उभे राहते आणि समजूतदार मूलही गप्प उभे राहते. घंटेजवळून पाहणाऱ्याला दोघे सारखेच दिसतात. फरक पडतो तो पाहणारा कोणी नसताना. भीतीने हात जोडणारा मुलगा उद्या भीतीने सहीही करील, भीतीने मतही देईल. तो जबाबदार नागरिक कसा होणार?

त्या वेळी मला कायदा माहीत नव्हता. पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या विहाराच्या अभ्यासवर्गात एका वकील कार्यकर्त्याने संविधानाचे अठ्ठाविसावे कलम वाचून दाखवले. जी संस्था पूर्णपणे सरकारी पैशावर चालते तिथे धार्मिक शिक्षण देता येत नाही. जी संस्था सरकारमान्य आहे किंवा सरकारी अनुदान घेते, तिथे कोणालाही धार्मिक शिक्षण घेण्याची किंवा उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. त्यासाठी त्या व्यक्तीची संमती लागते, आणि ती व्यक्ती अज्ञान असेल तर पालकाची. वकीलसाहेब पुढे वाचत गेले. मी 'पालकाची' या शब्दावरच थांबलो. त्या शाळेत तो पालक मी होतो. संविधानाने संमती द्यायची की नाही हे माझ्या हाती ठेवले होते, आणि मी न विचारता ती देऊन मोकळा झालो होतो.

हे कलम घटना समितीपुढे डिसेंबर १९४८ मध्ये चर्चेला आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचे समर्थन केले होते. सर्वांच्या करातून जमलेला पैसा एखाद्या समाजाचा धर्म शिकवण्यासाठी वापरता येणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. धर्माचे शिक्षण देणे वेगळे आणि धर्माचा अभ्यास करणे वेगळे, हा भेदही त्यांनी त्याच वेळी दाखवला. पुढे २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने शालेय अभ्यासक्रमाच्या प्रकरणात तोच धागा धरला. मुलांना वेगवेगळ्या धर्मांची ओळख करून देण्याला बंदी नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते योग्यच आहे. शेजारच्या घरी रोजा का असतो, नाताळ का असतो, वारी का असते हे मुलांना माहीत असावे. माहिती देणे आणि हात जोडायला लावणे यांत मात्र अंतर आहे.

केरळमधले प्रकरणही लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथल्या तीन भावंडांना त्यांच्या पंथाच्या श्रद्धेप्रमाणे राष्ट्रगीत गाता येत नव्हते. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढले. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. आपण बौद्ध लोक राष्ट्रगीत अभिमानाने गातो, तो प्रश्न आपला नाही. पण आदराने उभे राहणाऱ्या मुलाच्या मनात शिरून जबरदस्ती करायची नाही, हे तत्त्व सगळ्यांच्या लेकरांना लागू आहे.

२०१३ साली नाशिकच्या एका शिक्षकाचा निकाल वर्तमानपत्रात आला. ते बौद्ध. शाळेच्या प्रार्थनेत त्यांनी हात जोडले नाहीत, म्हणून त्यांची वेतनश्रेणी अडवली होती. मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की अशी सक्ती करता येत नाही. मी ते कात्रण जपून कापले आणि मुलाला दाखवले. तो तेव्हा सत्तावीस वर्षांचा, एका कारखान्यात लेथवर काम करणारा. त्याने वाचले, घडी घालून परत दिले आणि म्हणाला, "आबा, मला तेव्हा कोर्ट नको होतं. तुम्ही घंटेजवळनं येऊन नुसतं माझ्या शेजारी उभं राहायला हवं होतं." एवढे बोलून तो जेवायला बसला. सतरा वर्षांत त्या दिवसाबद्दल तो एवढेच बोलला.

शाळेच्या शिपायाचा आणि आपल्या समाजाचा संबंध जुना आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावाचे नाव दाखल झाले. तो दिवस २०१७ पासून राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी शाळेचे वर्णन केले आहे. बसायला गोणपाट घरून न्यायचे आणि घरी परत आणायचे. नळाला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी प्यायचे, शिपाई नसला तर तहानेलेच राहायचे. मी शिपाई असल्यामुळे हे वाचताना मला फार वेळ लागला. त्या शाळेतही नीतीचे पाठ असतीलच. पुस्तकात काय होते ते कोणाला आठवत नाही, गोणपाट मात्र आजपर्यंत आठवते. शाळा जी मांडणी करते, तोच तिचा धडा. पाणी कोणी द्यायचे, कोणी कुठे बसायचे, झाडू कोणाच्या हाती, माफी कोणी मागायची, यातून मुले नीती शिकतात.

महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले होते. खेड्यातल्या शाळेत काय शिकवावे तेही सांगितले होते. लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल, शेतीची प्राथमिक माहिती आणि त्याबरोबर नीतीचे व आरोग्याचे काही धडे. नीती आणि आरोग्य त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. नीती ही रोज हातपाय धुण्यासारखी रोजच्या वागण्याची गोष्ट आहे, असे मला त्यावरून वाटते.

आमच्या शाळेत हे कळलेल्या एक बाई होत्या. त्या आमच्या समाजाच्या नव्हत्या. त्यांनी सहावीच्या वर्गात सफाईची पाळी लावली. आता झाडू म्हटले की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, कारण पुष्कळ ठिकाणी आडनाव पाहून आपल्याच लेकरांच्या हाती झाडू दिला जातो. बाईंनी पाळी हजेरी क्रमांकाने लावली. मुलगे-मुली सगळे त्यात आले, आणि पहिल्या दिवशी त्यांनी स्वतः झाडले. चार पालक तक्रार घेऊन आले, आमची मुले शिकायला येतात, झाडायला नाही म्हणून. बाईंना ऑफिसात बोलावले. मी चहा घेऊन आत होतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "बाहेर फळ्यावर श्रमप्रतिष्ठा लिहिलंय. ते पुसून टाकायचं का, तेवढं सांगा." कोणी काही बोलले नाही. पाळी वर्षभर चालली. त्या वर्गात कागदाचे बोळे दिसेनासे झाले, आणि ती मुले मला नावाने काका म्हणू लागली. त्यातला एक जण मागे रेल्वे स्टेशनवर भेटला. टायवाला साहेब झाला होता. भर गर्दीत "काका" म्हणून थांबला. मूल्यशिक्षणाचे यश मोजायचे असेल तर मी या मापाने मोजीन.

जानेवारी २०२० मध्ये परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचण्याचा सरकारचा आदेश आला. २६ जानेवारीपासून वाचन सुरू झाले. मोठ्या फळ्यावर ती लिहायचे काम माझ्याकडे आले. मी आदल्या संध्याकाळी लिहायला बसलो, रात्रीचे आठ वाजले. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हे शब्द मी रंगीत खडूने लिहिले. मार्चमध्ये महामारीने शाळा बंद झाली आणि त्याच वर्षी मी निवृत्त झालो. ना निरोप समारंभ झाला, ना शेवटची घंटा वाजली. चावी द्यायला गेलो तेव्हा रिकाम्या शाळेत उद्देशिका तशीच होती. मी तिच्यावरची धूळ फुंकली आणि घरी आलो.

उद्देशिका पाठ झाली की काम झाले, असे कोणी समजू नये. श्रमप्रतिष्ठा पाठ असणाऱ्या मुलाने शाई पुसली नव्हती, हे मी पाहिलेले आहे. उद्देशिकासुद्धा सुविचाराच्या फळ्यासारखी होऊ शकते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्याबद्दल आहे.

निवृत्तीनंतर मी आमच्या वस्तीतल्या विहाराची अभ्यासिका सांभाळतो. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक, आजारी माणूस आणि दहावीचा अभ्यास एकत्र होत नाही, म्हणून संध्याकाळी वीसएक मुले विहारात येतात. मागच्या गल्लीतला एक मुस्लिम मुलगाही येतो. नववीत आहे, गणित चांगले आहे, आमच्या मुलांना शिकवतो. एका रविवारी तो लवकर आला. वंदना चालू होती. तो मागे भिंतीशी पुस्तक मिटून गप्प बसला. आमचा एक तरुण कार्यकर्ता त्याला म्हणाला, "इथं बसायचं तर हात जोड." मुलाने इकडेतिकडे पाहिले आणि हळूहळू हात वर आणले.

मला एकदम १९९६ सालचे मैदान दिसले. मी उठलो, त्याच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "हात खाली घे बाळा. इथं कुणाला हात जोडायला लावत नाहीत." तरुण नाराज झाला. "आबा, विहार आपलं आहे. आपले नियम आपण करायचे," असे म्हणाला.

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. विहार ही शाळा नाही, अठ्ठाविसावे कलम इथे लागू होत नाही. पण जे आपल्या लेकरांना सोसले नाही ते दुसऱ्याच्या लेकराला का सोसावे? पंचशीलातल्या प्रत्येक शीलाला पालीत सिक्खापद म्हणतात, म्हणजे शिकण्याचा नियम. तो आपण स्वतः स्वीकारतो, वरून कोणी हुकूम देत नाही. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असे भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले. ज्या धम्माचा पायाच असा आहे, त्याच्या विहारात जबरदस्तीने जोडलेल्या हातांचा काय उपयोग?

कमिटीत यावर दोन बैठका झाल्या. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "आपली पोरं त्यांच्या शाळांत वाकली, तेव्हा कोण उठलं होतं?" मी म्हणालो, "दादा, मीच उठलो नव्हतो. म्हणून आज उठलो." शेवटी ठरले की वंदना सहाला, अभ्यास साडेसहाला. वंदनेला ज्याला बसायचे त्याने बसावे, लवकर आलेल्याने शांत राहावे. दोघांना हे पटले नाही, त्यातल्या एकाने महिन्याची वर्गणी बंद केली. पंख्याचे बिल भरताना ती वर्गणी आठवते. पण मुलगा येतो आहे, गणित शिकवतो आहे.

हे मी मुलाला फोनवर सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "शेजारी बसलात ना त्याच्या? बरं केलंत."

बंधू-भगिनींनो, कामाचा खाडा होतो म्हणून आपण पालकसभेला जात नाही. पण जात जा. शाळेत काही खटकले तर मुलाला लढायला पुढे करू नका, स्वतः जा, नम्रपणे बोला आणि लेखी द्या. कलम अठ्ठावीस एका कागदावर उतरवून जवळ ठेवा. उद्देशिका वाचायला लावा आणि घरीही वाचा. मुलाने शाळेत दुसऱ्या धर्माच्या मुलाला चिडवले तर त्याचे कान आधी आपण धरा. आणि मूल कधी एकटे उभे राहिले तर शेजारी जाऊन उभे राहा. बाकीचे नंतर पाहता येते.

अभ्यासिकेत मी एक जुना फळा लावला आहे. त्यावर अजून सुविचार लिहितो. नात पाचवीत आहे, माझ्याबरोबर येते. परवा मी लिहिले होते, 'आपली वही नसलेल्याला वही द्यावी'. काल आज काय लिहू म्हणून तिला विचारले, तर ती म्हणाली, "आबा, आज नवीन नका लिहू. कालचंच अजून कुणी केलं नाही."

मी खडू ठेवला आणि कपाटातून तिच्या जुन्या वह्यांची कोरी पाने फाडायला बसलो. एक वही होईल एवढी निघाली.